मेरूचे शिखर एकच का?

दुबई शहराच्या नैऋत्येस, आखाताच्या किनाऱ्याला लागून, दुबई मरीना नावाची वस्ती आहे. वाळवंटाच्या कडेला सुमारे ३ किलोमीटर लांबीचा कालवा खणून त्यात समुद्राचे पाणी खेळविले आहे आणि त्याच्या दोन्ही तीरांवर उत्तुंग इमारती उभ्या केल्या आहेत. २०१३ साली उघडलेला ३०६ मीटर उंचीचा कायान टॉवर तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाता जाता स्वतःभोवती पाव फेरा वळला आहे. दिवसा काचेच्या झगमगाटाने पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पण या वस्तीची खरी शोभा सांजवेळी. सूर्य पाण्यात उतरला की एकेक खिडकी उजळू लागते. कोणी कामावरून परतलेला असतो, कोणी अद्याप वाटेत असतो, कोणाच्या घरी लेकरू निजले म्हणून दिवा मालवलेला असतो.

अशा एका संध्याकाळी मॉरिशसहून लेकाच्या बिऱ्हाडी आलेले एक आजोबा आणि त्यांची नऊ वर्षांची नात कालव्याकाठच्या बाकावर बसली आहेत, अशी वाचकाने कल्पना करावी. समोरच्या इमारतीच्या एका मजल्यावर ओळीने आठ खिडक्या आहेत. नात म्हणते, "आजोबा, यांतल्या किती खिडक्यांत दिवा आहे ते मी रोज मोजते. आठही उजळल्या आहेत असे होतच नाही, आणि आठही काळोख्या आहेत असेही होत नाही. बहुतेक दिवशी तीन, चार, नाही तर पाच. असे का हो?"

प्रश्न लहान मुलीचा खरा, पण प्रश्न लहान नाही. त्याच्या उत्तराचा पहिला निम्मा भाग सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरातील एका गणितज्ञाने लिहून ठेवला. आणि त्याच प्रश्नाची नात्यातली एक मोठी शंका सोडविल्याबद्दल २०२२ साली एका गणितज्ञाला जगातील सर्वश्रेष्ठ मानले जाणारे पदक मिळाले. या दोन टोकांमधला धागा पाटी-पेन्सिल घेऊन कोणालाही उलगडता येण्याजोगा आहे.

राजवाड्याची आठ मुखे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्य पर्वताजवळच्या विज्जडविड गावचे आपण रहिवासी, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. वयाच्या ३६व्या वर्षी, इ. स. ११५० च्या सुमारास, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्यातील अंकगणिताचा भाग होय. लीलावतीत एका राजवाड्याचे उदाहरण आहे. कुशल कारागिराने बांधलेल्या त्या प्रशस्त वाड्याला आठ मुखे आहेत. त्यांतील एक, दोन, तीन अशी मुखे उघडी ठेवावयाची तर किती प्रकार होतात, असा प्रश्न तेथे विचारला आहे. मरीनाच्या बाकावरील मुलीचा प्रश्न हाच होता. मुखाच्या जागी उजळलेली खिडकी आली, एवढाच फरक.

भास्कराचार्यांची रीत अशी. आठपासून एकेक उणा करीत आकडे मांडावेत आणि त्यांच्या खाली एकपासून एकेक वाढवीत आकडे मांडावेत: ८/१, ७/२, ६/३, ५/४, ४/५, ३/६, २/७, १/८. मग १ पासून आरंभ करून क्रमाने या अपूर्णांकांनी गुणीत जावे. १ ला ८ ने गुणले की ८. त्याला ७/२ ने गुणले की २८. त्याला ६/३ ने गुणले की ५६. त्याला ५/४ ने गुणले की ७०. पुढे तेच आकडे उलट क्रमाने येतात: ५६, २८, ८ आणि १. म्हणजे आठांपैकी एक खिडकी उजळण्याचे ८ प्रकार, दोन उजळण्याचे २८, तीन उजळण्याचे ५६, चार उजळण्याचे ७०. या सर्वांची बेरीज २५५ होते. एकही खिडकी न उजळण्याचा १ प्रकार त्यात मिळविला की २५६ होतात.

ही रीत जादूची नाही. तिच्यामागील विचार सरळ आहे. दोन खिडक्या उजळण्याचे २८ प्रकार आहेत, हे समजल्यावर तीनचे प्रकार कसे काढावेत? प्रत्येक जोडीबरोबर उरलेल्या ६ काळोख्या खिडक्यांपैकी कोणतीही एक उजळता येते; म्हणून २८ × ६ = १६८. पण या मोजणीत प्रत्येक त्रिकूट तीनदा आले, कारण त्या तिघींपैकी कोणतीही शेवटी उजळलेली असू शकते. म्हणून १६८ ला ३ ने भागले, आणि ५६ आले. वरचा ६ म्हणजे अद्याप काळोख्या असलेल्या खिडक्या. खालचा ३ म्हणजे आता उजळलेल्या खिडक्या. भास्कराचार्यांच्या साऱ्या अपूर्णांकांचा अर्थ एवढाच आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळावे. प्रत्येक खिडकी उजळण्याचा आणि न उजळण्याचा संभव सारखाच मानला, तर २५६ प्रकारांपैकी तीन, चार किंवा पाच खिडक्या उजळण्याचे प्रकार ५६ + ७० + ५६ म्हणजे १८२ आहेत. शेकडा सुमारे ७१. आठही उजळण्याचा प्रकार २५६ मध्ये एकच. मुलीने जे डोळ्यांनी पाहिले, त्याला आकड्यांनी साक्ष दिली.

चढ एकदाच, उतार एकदाच

पण येथे थांबले तर विषयाचा गाभा हातून निसटतो. १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १ ही ओळ चढते आणि मग उतरते. मध्येच खळगा पडून पुन्हा चढत नाही. आठांच्या ऐवजी आठशे खिडक्या घेतल्या तरीही हे असेच राहील काय? सर्व आकडे मोजून पाहिल्यावाचून हे कसे सांगावे?

उत्तर भास्कराचार्यांच्या अपूर्णांकांतच दडलेले आहे. त्यांतील वरचे आकडे प्रत्येक पावलाला घटतात आणि खालचे वाढतात. म्हणून प्रत्येक अपूर्णांक आधीच्या अपूर्णांकापेक्षा लहान असलाच पाहिजे: ८, मग साडेतीन, मग २, मग सव्वा, मग ४/५, मग अर्धा, आणि पुढे त्याहूनही लहान. अपूर्णांक १ पेक्षा मोठा आहे तोवर ओळ चढते. तो १ च्या खाली गेला की उतरू लागते. आणि एकदा १ च्या खाली गेलेला अपूर्णांक पुन्हा वर येत नाही. म्हणून चढ एकदाच आणि उतार एकदाच. आठ असोत की आठशे, युक्तिवाद तोच.

हीच गोष्ट गणितज्ञ दुसऱ्या शब्दांत मांडतात. ओळीतील कोणत्याही तीन लागोपाठच्या संख्या घ्याव्यात. मधल्या संख्येचा वर्ग तिच्या दोन शेजारणींच्या गुणाकाराहून कमी असू नये. २८ चा वर्ग ७८४. तिच्या शेजारणी ८ आणि ५६ यांचा गुणाकार ४४८. ५६ चा वर्ग ३१३६. २८ आणि ७० यांचा गुणाकार १९६०. ७० चा वर्ग ४९००. ५६ आणि ५६ यांचा गुणाकार ३१३६. धन संख्यांची जी क्रमिका ही कसोटी सर्वत्र पार करते, तिला 'लॉग-कॉन्केव्ह' असे नाव आहे. मराठीत तिला लघुगणकीय अंतर्वक्र क्रमिका म्हणता येईल. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. त्या संख्यांचे लघुगणक घेऊन कागदावर ठिपके मांडले आणि जोडले, तर देवळाच्या घुमटासारखी रेषा उमटते. तिच्यात कोठेही खळगा सापडत नाही.

मेरू कोणाचा?

छंदःशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांना ही ओळ ओळखीची वाटली असेल. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर १०व्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली, तीत मेरु-प्रस्तार सांगितला आहे. माथ्यावर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, अशी घरे काढावयाची. कडेच्या घरांत १ लिहावयाचा आणि आतील प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. आठ अक्षरांच्या चरणात किती लघू आणि किती गुरू, याचे सारे प्रकार या मेरूच्या एका ओळीत मिळतात. आणि ती ओळ राजवाड्याच्या आठ मुखांचीच ओळ असते. आज शाळांमध्ये या संख्यांना द्विपद-सहगुणक म्हणतात.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. "हे सर्व आपल्या ग्रंथांत आधीच होते," असे वाक्य अशा प्रसंगी सहज तोंडी येते. ते अर्धेच खरे आहे. बगदादमध्ये इ. स. १००० च्या सुमारास अल-करजी याने हाच त्रिकोण मांडला होता, आणि भास्कराचार्यांच्या समकालीन असलेल्या अस-समवअल याने तो आपल्या अरबी ग्रंथात जपून ठेवला. चीनमध्ये यांग हुई याने तो १२६१ साली दिला. फ्रान्समध्ये पास्कल याने १६५४ साली त्यावर निबंध लिहिला आणि युरोपने त्रिकोणाला त्याचेच नाव दिले. मेरू एकाच देशाने बांधला नाही. तसेच, मधल्या संख्येचा वर्ग शेजारणींच्या गुणाकाराहून कमी नसतो, हे विधान लीलावतीत नाही. लीलावतीत रीत आहे. त्या रीतीतून हे विधान दोन ओळींत सिद्ध होते. पण तो प्रश्न तेथे विचारलेला नाही. या असमानतेचे मूळ न्यूटनच्या १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या बीजगणितावरील पुस्तकात सापडते. पूर्वजांचा मान राखावयाचा तर त्यांनी जे केले ते नेमके सांगावे. जे केले नाही ते त्यांच्या पदरी बांधू नये.

दोन मजल्यांची गोष्ट

चढ-उतार एकदाच होतो, एवढे कळले म्हणजे पुरे नाही काय? मग शेजारणींच्या गुणाकाराची ही कडक कसोटी कशासाठी? याचे उत्तर मरीनाच्या दुसऱ्या मजल्याकडे पाहिले की मिळते.

आठ खिडक्यांच्या मजल्यावर आठ खिडक्यांचा दुसरा मजला आहे. दोन्ही मिळून चार खिडक्या उजळण्याचे प्रकार किती? खालच्या मजल्यावर शून्य आणि वरच्या मजल्यावर चार, असे १ × ७०. खाली एक आणि वर तीन, असे ८ × ५६. खाली दोन आणि वर दोन, असे २८ × २८. पुढे खाली तीन आणि वर एक, तसेच खाली चार आणि वर शून्य. ७० + ४४८ + ७८४ + ४४८ + ७० यांची बेरीज १८२० भरते. ही संख्या जुनी आहे. वराहमिहिराने ६व्या शतकातील 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या प्रकरणात, १६ द्रव्यांतून कोणतीही ४ घेतली तर १८२० मिश्रणे होतात, असे सांगितले आहे. दुबईत देऱ्याच्या अत्तरबाजारात कुप्यांच्या रांगा पाहणाऱ्याला या आकड्याची थोरवी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आता याच रीतीने एक छोटी यादी स्वतःशीच जोडून पाहावी: १, १, ४. ही यादी कोठेही उतरत नाही. तिच्यात खळगा नाही. पण तिच्यासारखी दुसरी यादी तिला जोडली की येते १, २, ९, ८, १६. नऊनंतर आठ आणि पुन्हा सोळा! खळगा नसलेल्या दोन याद्या जोडल्या आणि खळगा पडला. कारण १, १, ४ ही यादी कडक कसोटीला उतरत नाही: मधल्या १ चा वर्ग १, आणि शेजारणींचा गुणाकार ४. याउलट, कडक कसोटीला उतरलेल्या दोन याद्या जोडल्या तर जोडलेली यादीही कसोटीला उतरते, असा सिद्धान्त आहे. नुसता चढ-उतार हा गुण संगतीत टिकेलच असे नाही; शेजारणींचा नियम मात्र संगतीत टिकतो. म्हणूनच गणितज्ञांनी तो पत्करला.

या सिद्धान्ताचे फळ मोठे आहे. आतापर्यंत प्रत्येक खिडकी उजळण्याचा संभव सारखाच मानला होता. पण घरोघरच्या सवयी निराळ्या असतात. एका घरी दहापैकी सात संध्याकाळी दिवा असतो. तिची यादी ३, ७. दुसऱ्या घरचा माणूस रात्रपाळीला जातो आणि दहापैकी एकाच संध्याकाळी घरी असतो. तिची यादी ९, १. दोन आकड्यांच्या यादीला मधली संख्याच नसते, म्हणून ती कसोटीत नापास होऊच शकत नाही. या दोन याद्या जोडल्या तर येते २७, ६६, ७. शंभर संध्याकाळींपैकी २७ वेळा दोन्ही खिडक्या काळोख्या, ६६ वेळा एक उजळलेली, ७ वेळा दोन्ही. ६६ चा वर्ग ४३५६. शेजारणींचा गुणाकार १८९. अशाच तिसरी, चौथी, शंभरावी खिडकी जोडीत जावे. प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असली तरी साऱ्या वस्तीच्या मोजणीला शिखर एकच राहते.

यात एक अट मात्र आहे, आणि ती विसरून चालणार नाही. प्रत्येक घर आपापल्या मर्जीने वागले पाहिजे. वीज गेली आणि सर्व दिवे एकदमच विझले, किंवा सणाच्या रात्री सर्वांनी ठरवून दिवे लावले, तर नियम मोडतो. अशा रात्री वारंवार येत असतील तर मोजणीला दोन शिखरे पडू शकतात. गणिताचे सामर्थ्य त्याच्या अटींत असते.

एका बाजूला झुकलेला डोंगर

मेरूची ओळ दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून शिखर मध्ये येते, अशी कोणाची समजूत होईल. ती दूर करण्यास छंदःशास्त्रातीलच दुसरे उदाहरण उपयोगी पडते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आठ मात्रांचा चरण लघू-गुरूंनी किती प्रकारे भरता येतो? एकही गुरू नसेल तर १ प्रकार. एक गुरू असेल तर सहा लघू, मिळून सात अक्षरे, आणि गुरूची जागा ७ प्रकारे. दोन गुरू आणि चार लघू: १५ प्रकार. तीन गुरू आणि दोन लघू: १०. चार गुरू: १. एकूण ३४. विरहांकाने आणि पुढे १२व्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांची ही मोजणी सांगितली. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ या संख्या तीतूनच निघतात.

जिन्याच्या आठ पायऱ्या एकेक किंवा दोन-दोन करीत चढणारे मूलही नकळत हेच ३४ प्रकार करीत असते. यांची ओळ १, ७, १५, १०, १ अशी आहे. तिची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही. डोंगर एका बाजूला झुकला आहे. तरीही ७ चा वर्ग ४९, शेजारणींचा गुणाकार १५. १५ चा वर्ग २२५, गुणाकार ७०. १० चा वर्ग १००, गुणाकार १५. कसोटी सर्वत्र टिकली. शिखर मध्यभागी असो वा नसो, ते एकच आहे, हे महत्त्वाचे.

कवी होऊ पाहणारा गणितज्ञ

अशा ओळी गणितात ठिकठिकाणी आढळतात, पण त्यांची सिद्धता दर वेळी भास्कराचार्यांच्या अपूर्णांकांइतकी सोपी नसते. एक उदाहरण पाहावे. चार गावे गोलाकार वसली आहेत आणि प्रत्येक गावाची शीव फक्त दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना लागते. नकाशा असा रंगवावयाचा की शेजारच्या गावांना एकच रंग येऊ नये. रंगांची संख्या र मानली, तर रंगविण्याचे प्रकार असे निघतात: र चा चतुर्घात, वजा र च्या घनाची ४ पट, अधिक र च्या वर्गाची ६ पट, वजा र ची ३ पट. तीन रंग असतील तर ८१ − १०८ + ५४ − ९, म्हणजे १८ प्रकार. यातील आकड्यांची ओळ १, ४, ६, ३. येथेही ४ चा वर्ग १६, गुणाकार ६. ६ चा वर्ग ३६, गुणाकार १२.

कोणताही नकाशा, किंबहुना बिंदू आणि रेषांचे कोणतेही जाळे घेतले, तरी असेच होते काय? अशा ओळीला शिखर एकच असावे, असा तर्क १९६८ साली रोनाल्ड रीड यांनी मांडला; शेजारणींचा कडक नियमही तेथे चालावा, असा तर्क १९७४ साली होगर यांनी केला. दोन्ही तर्क अनेक वर्षे सिद्धतेवाचून राहिले. अखेर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जून हू यांनी ते सिद्ध केले. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि सोलमध्ये वाढलेल्या या गृहस्थांनी कवी होण्याच्या ओढीने शाळा अर्ध्यावर सोडली होती. त्यांची सिद्धता भूमितीच्या फार खोल भागातून आली. २०१८ साली त्यांनी करीम आदिप्रासितो आणि एरिक कॅट्झ यांच्यासह त्याहूनही व्यापक असा सिद्धान्त प्रसिद्ध केला, आणि २०२२ साली हेलसिंकी येथे त्यांना फील्ड्स पदक देण्यात आले. छंद मोजता मोजता निघालेल्या संख्यांची एक शंका कवी होऊ पाहणाऱ्याने सोडवावी, हा योगायोग रसिकांना आवडेल.

पाटणचा बाजार

आता आरंभीच्या मुद्द्याकडे परत यावे. भास्कराचार्यांचे हे गणित टिकले कसे? खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील इ. स. १२०७ चा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेले ज्योतिषी चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ कुळातील सोईदेव याने त्याला दान दिले, असे तो लेख सांगतो.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण मठाचा खर्च कशातून चालावयाचा, हे सांगण्याची वेळ येते तेव्हा लेख मराठीत बोलू लागतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकांकडून राजाला जे मिळावयाचे, ते मठाला दिले आहे, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. म्हणजे लीलावती शिकविणाऱ्या त्या मठाचा भार केवळ राजाच्या औदार्यावर नव्हता. बाजारात धान्य, तेल, मीठ घेणाऱ्या साध्या माणसांच्या पैशावर तो चालत होता. त्या माणसांपैकी किती जणांना मेरूची ओळ मांडता येत असेल? पण त्यांच्या पैशावाचून ती ओळ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली नसती. आणि तो व्यवहार त्यांना समजावा म्हणूनच तो त्यांच्या भाषेत कोरला गेला.

याच साध्या माणसांच्या वंशातील कित्येकजण पुढे कोकणातून आणि देशावरून मुंबई बंदरात आले आणि कराराने समुद्रापार गेले. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख मजूर पोर्ट लुई येथील घाटावर उतरले. आज तो आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. तेथे प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या जुन्या नोंदवह्यांत ते क्रमांक आजही पाहता येतात. ज्यांना स्वतःला मोजणी शिकण्याची संधी मिळाली नाही, त्यांची मोजणी दुसऱ्यांनी केली.

बाकावर बसलेल्या आजोबांना आपल्या पणजोबांचा तो क्रमांक पाठ आहे. शाळेनंतर संध्याकाळी बैठकेत घोकलेले मराठी पाढेही त्यांना पाठ आहेत. नातीला इंग्रजी उत्तम येते, मराठी जेमतेम येते. ती विचारते, "मग आजोबा, हे गणित आपले आहे का?" आजोबा म्हणतात, "मांडून दाखव, म्हणजे तुझे." ती वहीच्या पाठकोऱ्या पानावर ८/१, ७/२, ६/३ असे लिहू लागते. पाढे आजोबा म्हणतात, आकडे ती लिहिते. सत्तरवर आल्यावर ती मान वर करून समोरच्या मजल्यावरील उजळलेल्या खिडक्या मोजते. आज पाच आहेत.

वारसा या शब्दाचा याहून वेगळा अर्थ करण्याचे कारण नाही. पाटणच्या गिऱ्हाइकाने मठाला पैसा दिला, पण मठातील मुलांनी ओळ स्वतःच्या हाताने मांडली नसती तर तो पैसा व्यर्थ गेला असता. हा लेख वाचून झाल्यावर घरातील एखाद्या मुलाला जवळ बसवावे आणि नऊ खिडक्यांची ओळ त्याच्याकडून मांडून घ्यावी. तिच्या मध्यभागी १२६ ही संख्या दोनदा येईल. दोन संख्या आल्या तरी शिखर एकच कसे, हे त्या मुलाने स्वतः सांगितले, तर तेवढ्यापुरता मठ पुन्हा चालू झाला असे समजावे.